सुमनताई, अमरावती

प्रिय सुमन,

आज सकाळी सात वाजता रेडिओवरच्या हजेरीत तुझं नाव घेतलं नाही. यवतमाळ झालं, नागपूर झालं, आणि मग एकदम वाशीम. मधली तुझी जागा गाळली. मी ओट्याजवळ उभा राहून ऐकत होतो. पुढचं ऐकवेना, म्हणून रेडिओ बंद केला आणि चहाही न करता हा कागद घेऊन बसलो.

तुला पत्र लिहिण्याची सवय मोडून किती वर्षं झाली! लग्नानंतर तू चांदूर बाजारला माहेरी गेलीस की मी दर तिसऱ्या दिवशी लिहायचो. तुझं उत्तर कधी कागदावर आलं नाही. तू टेलिफोन एक्सचेंजमधली बाई, तू सरळ शाळेच्या ऑफिसात फोन लावायचीस आणि हेडमास्तर मला वर्गातून बोलवायचे. "देशमुख, तुमच्या घरची ट्रंक लाइन आली!" सगळी पोरं हसायची. मी तुझ्यावर चिडायचो आणि दिवसभर खुशीत असायचो.

या वेळी फोन येणार नाही, हे मला कळतं. तरी लिहितो. गेल्या तीन दिवसांत जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. आणि तुला काही विचारायचंही आहे.

त्या खोक्यापासूनच सुरू करतो. मी त्याला खोकंच म्हणायचो, तुला आवडायचं नाही. "अवो, सेट म्हना. ट्रान्सीव्हर म्हना. बोलतेबी अन् ऐकतेबी." जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, आणि त्यासाठी तू निवृत्तीनंतर साठीच्या उंबरठ्यावर हॅम रेडिओची परीक्षा दिलीस! मी तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवला, पण एवढ्या निष्ठेनं अभ्यास करणारा विद्यार्थी मला वर्गात मिळाला नाही. भाजी चिरतानाही तुझे ओठ हलायचे. मी म्हणायचो, बाई जप करते आहे.

लायसन्स आलं तेव्हा आपलं पहिलं मोठं भांडण झालं. सोफा की सेट? त्या वर्षी दिवाणखान्यातला सोफा बदलायचा ठरला होता, दुकानात जाऊन कापडसुद्धा पाहून झालं होतं. तू सेट घेतलास. तोही नवा नाही, कोणीतरी वापरलेला. नवे मोठे सेट आपल्या आवाक्यातले नाहीत, हे तू कधी रडून सांगितलं नाहीस. दोनदा बसनं अकोल्याला जाऊन आलीस. तुमच्या रेडिओ मंडळीतल्या वानखडेभाऊंना शेजारी बसवून त्यांच्या मीटरवर तपासलंस, किती पॉवर बाहेर पडते, सगळे बँड चालतात का, बटणं कुठं अडकतात का. माइकची वायर मुळाशी तुटकी होती. तेवढ्यावरून तू किंमत पाडून घेतलीस आणि घरी येऊन त्या वायरीला काळी टेप गुंडाळलीस. केवढी खूश होतीस त्या दिवशी! मी मात्र सोफ्याच्या स्प्रिंगवर मुद्दाम धपकन बसलो.

बाकीचं सगळं तू असंच जमवलंस. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी. इलेक्ट्रिशियनकडे उरलेली तांब्याची वायर. केबलवाल्यानं गुंडाळून टाकलेली टीव्हीची केबल. पाण्याच्या टाकीपासून कडुनिंबापर्यंत ती वायर बांधायला तू स्वतः गच्चीवर चढलीस आणि मी खालून ओरडत होतो, "पडशील!" कॉलनीतल्या बायका विचारायच्या, "सर, मॅडमनं कपडे वाळू घालायले एवढी उंच तार काहून बांधली?" मी म्हणायचो, "तिचे कपडे वरच वाळतात." तू गच्चीवरून ऐकायचीस आणि हसायचीस.

वीस वॅटचा सेट! बाकीच्यांचे शंभर-शंभर. "कमी आवाजात बोलनाऱ्याले लोकं जास्त ध्यान देऊन आयकतात," असं तू म्हणायचीस. पण त्यासाठी घरात काय काय सहन करावं लागायचं! सात ते साडेसात बाथरूममधला एलईडी दिवा बंद, कारण त्यानं तुझ्या रेडिओत खरखर होते. मोबाइलचा चार्जर बंद. टीव्हीचं बटण भिंतीतून बंद. दोन वर्षं मी अंधारात दाढी केली आहे, सुमन. हनुवटीवरचे कापल्याचे व्रण अजून आहेत.

आणि तो सेट ठेवला कुठं, तर स्वयंपाकघरात, गॅसच्या शेजारी! तुला वेळ वाया घालवायचा नव्हता. एकीकडे कुकर, एकीकडे माइक. तुम्हा मंडळींचा सकाळचा रेडिओवरचा कट्टा भरला की वानखडेभाऊ अकोल्याहून एकेकाचं नाव पुकारायचे, माणूस आपली हजेरी द्यायचा, आवाज कसा येतो ते सांगायचा, हवामान सांगायचा. तुझी पाळी आली की नेमकी कुकरची शिट्टी व्हायची. सगळ्या विदर्भाला माहीत होतं की अमरावतीला सुमनताईंचं वरण कधी शिजतं. मला त्याची लाज वाटायची. आपल्या घरातलं कुकर नागपूरपर्यंत कशाला ऐकू गेलं पाहिजे?

सेमाडोहला गेलो होतो ते आठवतं ना? मोबाइलला रेंज नाही म्हणून मी अस्वस्थ, पोरगी पुण्यात काळजी करत बसेल. तू पिशवीतून सेट काढलास, विश्रामगृहाच्या आवारात दोन झाडांना वायर बांधलीस आणि अकोल्याला निरोप दिलास, "आमी पोचलो, लेकीले फोन करून सांगा." दहा मिनिटांत वानखडेभाऊंचं उत्तर, लेक म्हणते आहे आईला थंडी वाजत असेल, स्वेटर घाल. तिथला चौकीदार तुझ्याकडे पाहतच राहिला. मीही पाहत राहिलो होतो. पण मी म्हणालो काय? "झालं का तुझं? चहा थंड झाला." एवढंच म्हणालो मी!

आता खरं सांगायचं ते सांगतो.

तुझ्या तेराव्यानंतर पोरगी परत गेली आणि घर रिकामं झालं. पुढच्या सकाळी मी सात वाजता सेटचं बटण दाबलं. का दाबलं ते मला माहीत नाही. बाथरूमचा दिवा मी आधीच बंद केला होता, ते नंतर लक्षात आलं. खरखर, मग वानखडेभाऊंचा आवाज. एकेक गाव येत गेलं. मग ते म्हणाले, "सुमनताई, अमरावती." थांबले. पुन्हा म्हणाले. पुन्हा थांबले. "ताई आज नाईत वाटते," म्हणून पुढं गेले.

सुमन, त्या पंधरा दिवसांत तुझं नाव कोणीच घेतलं नव्हतं. पोरगी "आईचं" म्हणायची. शेजारच्या वहिनी "त्यांचं" म्हणायच्या. गुरुजींनी एकदा घेतलं असेल, पण गोत्र वगैरे लावून. आणि हा माणूस मात्र मोठ्यानं, स्वच्छ आवाजात, तू आत्ता उत्तर देणार अशा खात्रीनं नाव घेत होता.

त्याच दुपारी तुझ्या मोबाइलवर त्यांचा फोन आला. "मास्तर, ताई दोन हप्ते झाले दिसल्या नाईत. बऱ्या आहेत ना?"

मी म्हणालो, "पुण्याला गेली आहे, लेकीकडे. दिवाळीपर्यंत राहील. तिकडे सेट नाही."

किती सहज बोललो मी ते! जन्मभर पोरांना खोटं बोलल्याबद्दल ओणवं केलं, आणि स्वतः एका श्वासात बोलून गेलो. तेव्हापासून रोज सकाळी ते तुझं नाव घ्यायचे. "सुमनताई, अमरावती. ताई पुन्याले आहेत, तरी नाव घेतो." आणि क्षणभर थांबायचे. तेवढ्या क्षणासाठी मी चार महिने लवकर उठलो.

तू दवाखान्यात शेवटी जे सांगितलंस तेही मी केलं नाही. "सेट दर्यापूरच्या पोरीले द्या. वैष्णवीले. ध्यानात ठेवा." मी हो म्हणालो. श्रावणात त्या पोरीचं लायसन्स आलं. तिचे वडील दर्यापूरच्या बाजारात फुलं विकतात, सेट विकत घ्यायची त्यांची ऐपत नाही, म्हणून तूच तिला सेट देईन म्हणाली होतीस. तिनं फोन करून वानखडेभाऊंना सांगितलं होतं आणि त्यांनी सगळ्या कट्ट्याला, "ताई पुण्याहून आल्या की देणार आहेत." मी हे सगळं ओट्याजवळ उभा राहून ऐकत होतो. सेट दिला तर ऐकणार कशावर? असं म्हणून मी एका पोरीला तीन महिने ताटकळत ठेवलं.

खरं सांगू? रागही होता. शेवटची चार वाक्यं बोललीस, त्यातली तीन त्या खोक्याबद्दल! माझ्यासाठी काही नव्हतं का गं तुझ्याकडे?

मग परवाची सकाळ आली. दिवाळी होऊन गेलेली. कुकर लावला होता, आता मला वरण जमतं. वानखडेभाऊ म्हणाले, "सुमनताई, अमरावती. दिवाळी झाली ताई, आल्या का?" त्यांच्या आवाजात काळजी होती. पुढं कोणीतरी म्हणालं, भाऊ, एकदा अमरावतीला जाऊन या. मला वाटलं, आता पुरे. मी माइक उचलला. मला बोलायची परवानगी नाही, हे ठाऊक होतं. पण एक वाक्य बोलायचं आणि ठेवायचं, असं ठरवलं. बटण दाबलं. "भाऊ, मी मास्तर बोलतोय, सुमन गेली." एवढंच म्हणायचं होतं. घसा बंद झाला. आणि कुकरची शिट्टी झाली.

मी बटण सोडलं.

काय गलका झाला म्हणून सांगू! "आल्या! ताई आल्या!" नागपूर, यवतमाळ, वाशीम, सगळे एकावर एक. "वरन शिजलं ताई!" कोणी हसत होतं. वैष्णवी मोबाइलवर इंटरनेटवरून कट्टा ऐकते, तिनं म्हणे लगेच वानखडेभाऊंना मेसेज टाकला. आणि वानखडेभाऊ सगळ्यांना गप्प करत ओरडत होते, "ताई, तुमचा आवाज येऊन नाई राह्यला! नुसती शिट्टी येऊन राह्यली! माइकची वायर पाहा, जुनीच भानगड असन!"

मी सेट बंद केला. गॅस बंद केला. मोबाइलही बंद करून कपाटात ठेवला. इतिहास शिकवताना किती राजांच्या घोडचुका मी हसून सांगितल्या! माझ्यासारखा गाढव त्यांत कोणी नव्हता.

काल सकाळी साडेनऊला बेल वाजली. दारात वानखडेभाऊ. तू त्यांना पाहिलं आहेस, मी पहिल्यांदाच नीट पाहत होतो. शहात्तर वर्षांचा माणूस, धाप लागलेली, पहिल्या बसनं अकोल्याहून निघालेला. हातात पिशवी, पिशवीत वायरीला डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न आणि माइकची नवी वायर. चपला काढता काढताच आत बघून हाक मारली, "ताई! माइक आना इकडं. दहा मिंटाचं काम आहे!"

मग त्यांची नजर भिंतीवर गेली. तुझ्या फोटोला हार होता.

ते सोफ्यावर बसले. स्प्रिंग टोचली असणार, पण हलले नाहीत. पिशवी मांडीवर तशीच धरलेली. मग म्हणाले, "कधी?"

"आषाढात."

"आषाढात." त्यांनी बोटांवर महिने मोजले. "अन् मी रोज नाव घेऊन राह्यलो. सगळ्यायले सांगून राह्यलो का ताई पुन्याले आहेत, लेकीच्या हातचं खाऊन राह्यल्या. तुमी आयकत होते?"

"रोज."

"काहून केलं मास्तर असं? आमी काय परके होतो? आमाले रडू बी नाई देलं तुमी!"

मी म्हणालो, "तुम्ही नाव घ्यायचं थांबवलं असतं." डोळे भरले त्यांचे. राग काही पूर्ण गेला नाही, पण आवाज खाली आला. आणि मग ते जे बोलले त्यासाठी मी हे पत्र लिहितो आहे.

"मले वाटलंच होतं," ते म्हणाले. "होळीच्या आधीच ताईनं फोनवर सांगतलं होतं. जिना चढताना दम लागते, डाव्या हातात कळ येते. मी म्हटलं, ताई, आजच्या आज डॉक्टरले दाखवा. मास्तरले सांगा. त म्हणे, भाऊ, घरात सांगतलं त पहिले सेट बंद होईल, मंग दवाखाना. जरा उन्हाळा जाऊ द्या."

होळीच्या आधी! तू आषाढात गेलीस, सुमन. मधले चार-साडेचार महिने तू मला काही सांगितलं नाहीस?

मी त्यांच्यावरच ओरडलो. "तुम्ही मला का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "चुकलं माह्यं. ताईनं शपथ घातली होती. चुकलंच." आणि एवढा मोठा माणूस माझ्यासमोर तोंडात मारून घ्यायला लागला. मी त्यांचा हात धरला. चूक कोणाची होती ते मला तेवढ्यात कळलं होतं.

आठवून पाहिलं मी सगळं. तुझं डोकं दुखलं की मी काय म्हणायचो? "त्या खोक्यामुळे." झोप लागली नाही? "त्या लहरींमुळे, घरात वायरी आणून ठेवल्या आहेत!" तुझ्या गुडघ्याचं खापरसुद्धा मी त्या सेटवर फोडलं. मला खरंच तसं वाटायचं का? नाही गं. मी सोफ्याचा राग काढायचो. चेष्टा करायचो. दोन वर्षं तीच ती चेष्टा. आणि एकदा, तुला चक्कर आली तेव्हा, मी बॅटरीची वायर खरंच काढून कपाटात कुलपात ठेवली होती. आठ दिवस. तू काही बोलली नाहीस. नवव्या दिवशी "आता बरं वाटते मले" म्हणालीस आणि मी कुलूप काढलं. तेव्हा तरी तुला खरंच बरं वाटत होतं का?

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "यांना दम कधीपासून लागतो?" मी काय उत्तर दिलं ठाऊक आहे? "दम वगैरे लागत नाही. पण ही रेडिओ वापरते, त्याचं काही असेल का?" तो तरुण डॉक्टर माझ्याकडे पाहत म्हणाला, "त्याचा काय संबंध? छातीचं कधीपासून आहे ते सांगा." मला सांगता आलं नाही. जिच्यासोबत तेहतीस वर्षं काढली, तिला दम लागतो हे मला माहीत नव्हतं. अकोल्याला माहीत होतं.

सुमन, तू मला का नाही सांगितलंस? मी एवढा वाईट होतो का? सेट बंद केला असता मी, हे खरं आहे. स्वतःशी खोटं बोलून काय करू, आधी तो बंद केला असता, दोन दिवस तोंडसुख घेतलं असतं. पण तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं! नेलं असतं ना? तुला त्या तिसऱ्या दिवसाची खात्री वाटली नाही, आणि मला ती तुझ्याकडून आता वदवून घेता येत नाही. याचा राग मी कोणावर काढू? तुझ्यावरही थोडा आहे. आठ दिवस सेट बंद राहिला असता तर काय बिघडलं असतं गं? एक कट्टा चुकला असता! त्यासाठी तू जीव पणाला लावलास?

वानखडेभाऊ काल राहिले. जेवले नाहीत नीट. आज पहाटेच्या बसनं गेले, सकाळची हजेरी त्यांच्या जागी दुसऱ्याच कोणी घेतली. पण सांगायचं राहिलं, एक कट्टा त्यांनी काल संध्याकाळीच भरवला. सगळ्यांना फोन करून सहा वाजता बोलावलं. तुझ्याच सेटवर बसले, आपल्या लायसन्सवर. आधी ती माइकची वायर मात्र बदलली. मी म्हणालो, आता कशाला? म्हणाले, "आनली आहे त लावून देतो. पोरीच्या कामी येईन."

आणि मग बोलले. "सुमनताई, अमरावती," असं एकदाच म्हटलं. नेहमीसारखे थांबले. मग सांगितलं की ताई आषाढातच गेल्या, घरच्यांकडून सांगणं झालं नाही, परवाची शिट्टी मास्तरांच्या कुकरची होती, मास्तरांना कोणी दोष देऊ नका. या रेडिओवाल्यांत गेलेल्या माणसाला सायलेंट की म्हणतात, संदेश पाठवायची त्याची कळ मुकी झाली असं. मिनिटभर सगळे गप्प राहिले. रेडिओवर गप्प राहिलं की नुसती खरखर ऐकू येते. बाथरूमचा दिवा चालू राहिला असेल म्हणून मी उठून पाहून आलो. बंद होता.

मग एकेक जण बोलला. मी ऐकत होतो. नागपूरच्या बाई म्हणाल्या, त्यांच्या परीक्षेच्या वेळी तू रोज अर्धा तास शिकवलंस. वाशीमचे गृहस्थ म्हणाले, त्यांची बायको गेली त्या महिन्यात तू रोज त्यांना जेवलात का विचारायचीस. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो त्या सगळ्या दिवसांत! कोणी माझ्यावर रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

रात्री वैष्णवीचा फोन आला. रडत होती. म्हणाली, "काका, सेट राहू द्या तुमच्यापाशीच. ताईची आठवण आहे." एक क्षण मला मोह झाला. मी हो म्हणणारच होतो. मग वानखडेभाऊंकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी म्हणालो, "नाही बेटा. रविवारी घेऊन येतो."

मग तिच्या आईनं फोन घेतला. साधी, भिडस्त बाई. "या भाऊ, या," म्हणाली. आणि थोडं थांबून, हळूच: "भाऊ, राग नका मानू, पन विचारतो. त्या यंत्रानं पोरीले काई होनार त नाई ना? तिचे बाबा म्हनतात, डोक्स्याले तरास होते त्यानं. ताईले काय झालं होतं?"

"आल्यावर सांगतो," म्हणालो.

म्हणून रविवारी मी दर्यापूरच्या जीपमध्ये बसणार आहे. सेट तुझ्या निळ्या स्वेटरमध्ये गुंडाळून मांडीवर घेईन, टपावर देणार नाही. वायर, केबल, बॅटरी, सगळं देईन. गच्चीवर वायर बांधताना खाली उभा राहून ओरडणार नाही. तिथून परत येताना माझे हात रिकामे असतील आणि सोमवारी सकाळी सात वाजता मी काय करणार, ते मला अजून माहीत नाही.

पण एक वचन देतो. सेट हातात देण्याआधी मी त्या पोरीच्या आई-बापासमोर बसेन आणि सांगेन की माझी बायको रेडिओनं गेली नाही. ती हृदयविकारानं गेली, आणि चार महिने तिनं तो माझ्यापासून लपवला, कारण मी तिचं प्रत्येक दुखणं त्या रेडिओवर ढकलायचो. उद्या तुमच्या पोरीचं डोकं दुखलं, दम लागला, काहीही झालं, तर सेटकडे बोट दाखवू नका. पोरीजवळ बसा आणि विचारा, कधीपासून होतं. मला ते विचारता आलं नाही. हे मी जसंच्या तसं बोलेन, सुमन. दोघांसमोर, वैष्णवीसमोर. घसा बंद झाला तर थांबेन आणि पुन्हा बोलेन.

ज्याला तू कधी नावानं हाक मारली नाहीस, तो तुझा
वसंत